उजवीकडचे दात टेकत नाहीत, तोंड उघडत नाही. जबड्याच्या सांध्यात पू होतो का?

रामबागची लेक, इंदूर
आई ६७ वर्षांची, मधुमेह जुना. आठवडाभर उजव्या कानापुढे ठणका आहे. दाढ असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, एक्सरेत दाढ चांगली निघाली. मग कानात थेंब घातले. शेवटी एका दवाखान्यात "सांधा लचकलाय" म्हणून शेक आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. आता कानापुढे सूज आहे, हात लावू देत नाही. तोंडात जेमतेम एक बोट जातं. सकाळी पोहे अगदी ओलसर करून दिले तरी चावेनात. म्हणते, "डावीकडे दात लागतात गं, उजवीकडे मध्ये काही तरी आल्यासारखं वाटतं." ताप नाही. कुणाला दाखवू?

मालवी माणूस
गालगुंड किंवा लाळग्रंथीची सूज असू शकेल. आमच्या काकूंना असंच झालं होतं.

ओरल सर्जन, सुदामानगर
ताई, आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. लाळग्रंथीचा विचार करायला हवाच, पण मला खटकलं ते आईंचं दातांबद्दलचं वाक्य. सांध्यात पाणी किंवा पू साठला की जबड्याचं कानापुढचं टोक खाली ढकललं जातं आणि त्याच बाजूच्या दाढांत फट पडते. नुसता स्नायू आखडला तर तोंड उघडत नाही, पण अशी फट सहसा पडत नाही. ही तक्रार पेशंट आपणहून सांगतो, पण कुणी टिपून घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वय, मधुमेह आणि दुखण्याच्या गोळ्या, तिन्हींमुळे ताप झाकला जातो. साधा एक्सरे सुरुवातीला स्वच्छच दिसतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), साखर, ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते) आणि किडनी बघून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन) किंवा एमआरआय करा. पण खरं निदान सुईनेच होतं. सांध्यातलं पाणी काढून ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून बघणं), कल्चर, पेशी आणि स्फटिक तपासायचे, कारण गाऊटही (युरिक ॲसिडचे स्फटिक साठून होणारी सांधेदुखी) असाच फसवतो. पेशंट स्थिर असेल तर हे अँटिबायोटिक सुरू होण्याआधी व्हावं, नाही तर कल्चर कोरं येतं. प्रकृती ढासळत असेल तर मात्र औषध आधी.

जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. तो रक्तातून येतो, नाही तर दाढेतून किंवा कानातून. मधुमेहात कानाच्या नळीचा गंभीर संसर्ग इथवर पसरतो, म्हणून कानवाल्यांनाही सोबत बघू द्या. ओरल सर्जन आणि फिजिशियन एकाच छताखाली असतील तिथे भरती करा. शिरेतून औषध द्यायचं आणि दोन सुयांनी सलाइन सोडून सांधा धुवायचा. एवढ्याने भागलं नाही तर दुर्बीण, नाही तर सांधा उघडून साफ करणं.

रामबागची लेक
दादा, त्याच रात्री भरती केलं. सीटीत सांध्यात पाणी दिसलं. सुईतून घट्ट पिवळा पू आला, मी स्वतः पाहिला. सांधा धुतला. कल्चरमध्ये स्टॅफच आहे, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. साखर आता इन्सुलिनवर आहे. दाढा परत टेकतात, आई कालपासून खिचडी खाते. पण तोंड दोन बोटांपुढे जात नाही, आणि ती घाबरून प्रयत्नच करत नाही.

ओरल सर्जन, सुदामानगर
वाचून खूप बरं वाटलं. आता व्यायामाची टाळाटाळ नको, नाही तर सांधा आतून जखडतो. तुमच्या सर्जनना विचारून सुरू करा. आधी कोमट शेक, मग आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. ताण जाणवावा, कळ येऊ नये. दिवसातून पाच-सहा वेळा करा, एखादी काडी वाढली की वहीत लिहा. तीन बोटं हे लक्ष्य. शिरेतलं औषध संपल्यावर गोळ्या काही आठवडे चालतील; बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका आणि सीआरपी उतरतोय ना ते बघत राहा. फट परत पडली किंवा ठणका वाढला तर वाट न बघता त्याच सर्जनकडे जा.