शेजाऱ्याला आपल्या तयारीत घ्यायचं का? – विदर्भातल्या गावखेड्यांतले अनुभव

पावसाळ्याआधी कवेलू फेरून होतात, कुटार कोरड्यात जातं, जळतणाला आडोसा होतो. हे सगळं घरापुरतं. पूर आला, वीज पडली, रात्री कोणाला पान लागलं (साप चावला), तर शेजारचं घर आपल्या हिशोबात आहे की नाही, हे मात्र कोणी आधी बसून ठरवत नाही. ज्यांचा या कामाशी नेहमीचा संबंध आहे त्यांनी इथं लिहावं. आपबीती नको. शेजाऱ्याला कशात घ्यायचं, कशात नाही, काय लागतं, किती लागतं, कुठं चुकतं आणि का, एवढं नेमकं सांगा.

कास्तकार, वैनगंगाकाठ, पवनी तालुका

पुराच्या बाबतीत भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी फारसा कामाचा नाही. त्याच्या ओसरीत पाणी आलं तेव्हा ते आपल्याही ओसरीत आलेलं असतं. पुरासाठी शेजारी शोधायचा तो उंचावरचा, आणि उंची डोळ्यांनी ठरवायची नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर आलेल्या पुराची खूण अजून बऱ्याच भिंतींवर आहे. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढा (एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं), आणि त्या खुणेपासून टप्प्याटप्प्यानं त्या घराच्या जोत्यापर्यंत या. जोतं खुणेच्या किमान तीन फूट वर असेल तरच ते घर धरा. गावात उंच वाटणारी दोन-तीन घरं या मापात हमखास गळतात.

मग जागा मोजा. झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर धरतात. दहा बाय बाराची खोली म्हणजे तीन माणसं, फार तर चार. दोन खोल्या आणि ओसरी असलेल्या घरात तीन कुटुंबं मावतात, अख्खा मोहल्ला मावत नाही. म्हणून कोणती तीन, हे मे महिन्यातच बोलून घ्यावं, बाकीच्यांनी शाळा धरावी. न बोलता सगळेच त्या एका घराकडे निघाले की म्हातारी माणसं दारात उभी राहतात.

पंधरा माणसं, तीन दिवस: पिण्या-रांधण्याचं पाणी माणशी रोज 4 लिटर, म्हणजे 180 लिटर. 200 लिटरचा एक झाकणाचा ड्रम. तांदूळ 18 किलो, डाळ साडेतीन किलो. पण पहिल्या रात्री चूल पेटत नाही, सरपण ओलं असतं. त्यासाठी मुरमुरे, फुटाणे, गूळ वेगळे बांधून ठेवा. ड्रम युरियाच्या किंवा औषधाच्या कामातला नको, कितीही धुतला तरी नको.

आणखी एक. गोसेखुर्द धरणाच्या विसर्गाचा निरोप फिरतो त्यात क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे की क्युमेक (सेकंदाला घनमीटर), हे आधी बघा. 1 क्युमेक म्हणजे 35 क्युसेकच्या थोडं वर. तोंडातोंडी निरोप जाताना एकक गळून जातं, नुसता आकडा राहतो आणि 5000 ऐकून लोक निवांत झोपतात. निरोप पुढं पाठवणारा माणूस एकच ठेवा, आणि त्यानं एककासकट लिहूनच पाठवावा. नदी भरली की नाल्याचं पाणी मागं फुगतं, त्यामुळं पाणी बऱ्याचदा नदीकडून न येता गावाच्या मागच्या अंगानं येतं. नाल्याच्या पुलियाजवळच्या खांबावर दर फुटाला ऑइलपेंटनं पट्टा मारा. त्या पट्ट्यावर ज्याच्या खिडकीतून नजर जाते, तो शेजारी तुमच्या तयारीत हवाच, मग तुमचं त्याच्याशी पटो न पटो.

मासेमार, आरमोरीकडचं गाव

भाऊंनी घरांचं लिहिलं, मी पाण्याचं लिहितो. गावात डोंगा चालवणारे आम्ही ढिवर, म्हणून सगळ्यांच्या हिशोबात आमचं नाव असतं. पण आम्हाला ते कोणी आधी सांगत नाही. सांगितलं तर आम्ही डोंगा उन्हाळ्यातच डागडुजी करून, डांबर लावून, वरच्या अंगाला बांधून ठेवू. सांगितलं नाही तर तो पहिल्याच पुरात वाहून गेलेला असतो.

दोर 12 मिलिमीटर जाडीचा, 30 मीटर, नायलॉनचा. टोकाला 15-20 लिटरची रिकामी कॅन, बूच घट्ट. बुडणाऱ्याकडे ती फेकायची, तेवढ्यावर मोठा माणूस डोकं वर ठेवून तरंगतो. आत उडी मारायची नाही. दोर वाचवणाऱ्याच्या कमरेला पक्क्या गाठीनं कधीच बांधू नका. लोकांना हे उलटं वाटतं. धारेत दोर ताणला की तोच माणसाला खाली दाबून धरतो आणि गाठ सुटत नाही. नाल्यावर आडवा दोर बांधायचा तर सरळ नको, धारेच्या दिशेनं तिरपा. सरळ दोराला माणूस मधल्या झोळावर अडकून बसतो, तिरप्या दोरावरून धारच त्याला काठाला नेते.

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर अर्धा फूट, म्हणजे 15 सेंटीमीटर, जोराचं पाणी माणसाचा पाय उचलतं. फूटभर पाण्यात चारचाकी तरंगू लागते, दोन फुटांत मोठी गाडीही जाते. टोंगळ्याएवढं तर आहे, असं म्हणणाऱ्याला हात धरून थांबवा. एवढ्यासाठी तरी रपट्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन घरं तयारीत घ्यावी. दोन्ही बाजूंची. एकाच काठावर माणूस असला तर पलीकडून येणाऱ्याला कोण अडवणार?

आशा कार्यकर्ती, भामरागड तालुका

पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आलं की आमच्याकडे रस्ता बंद होतो. दरवर्षीचं आहे, त्यामुळं कधी बंद होईल याची वाट बघायची गरजच नाही. जुलै-ऑगस्टची तारीख असलेल्या गरोदर बाईला त्याआधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या सोयीत) न्यायचं. ती का जात नाही? दवाखान्याच्या भीतीनं कमी आणि घरच्या काळजीनं जास्त. लहान लेकरू कोणाकडे, शेळ्या कोण सोडेल, धानाची रोवणी कोण करेल. इथं शेजारीण लागते. मी यादी करते तेव्हा प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढं दोन नावं लिहिते: लेकरू सांभाळणारी एक, ढोरं बघणारी एक. ती दोन्ही नावं तिनं स्वतः सांगायची असतात. सासूनं किंवा मी सुचवलेली नावं ऐन वेळी टिकत नाहीत.

बीपी, साखर, मिरगी, टीबी यांच्या गोळ्या पावसाळ्यात महिनाभराच्या एकदम घेऊन ठेवा. शेजारी सांगायचं ते इतकंच, की गोळ्यांचा डबा कुठं आहे. कोणता आजार, ते नाही. डब्यात चिठ्ठी घालून तोंड चिकटवून ठेवलं तरी काम होतं.

ओआरएसचं पाकीट एक, पाणी एक लिटर. अर्ध्या पेल्यात अख्खं पाकीट घालून लेकराला पाजतात, त्यानं जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एका लिटरला साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा.

रुग्णवाहिका चालक, चिमूर भाग

108 ला फोन लागला तरी पांदणीनं गाडी आत येत नाही. चिखलात रुततेच. त्यामुळं पान लागलं तर पहिला अर्धा तास शेजाऱ्यांचा. यासाठी शेजारी निवडताना बघायचं काय: रात्री गाडीत पेट्रोल असतं का, फोन चालू असतो का, दारू पितो का. नातं बघू नका.

तीन माणसं ठरवा. एक मोटारसायकल चालवणार, रोगी मध्ये, दुसरा मागं बसून त्याला धरणार. तिसरा घरी राहून आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला फोन करणार, सापाच्या विषावरची लस शिल्लक आहे का ते विचारणार आणि नसेल तर गाडी पुढच्या दवाखान्याकडे वळवणार. हा तिसरा माणूस बहुतेकांच्या हिशोबातच नसतो. सगळेच मागं गाड्या घेऊन निघतात आणि दवाखान्याच्या दारात कळतं की पुढं जावं लागेल.

अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. हात-पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडानं ओढायचं नाही. वेळ लिहून घ्या. साप मारून आणायची गरज नाही. मण्यारीचा दात रात्री झोपेत लागतो, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. खाली झोपणाऱ्या माणसाला असं झालं तर अपचन समजू नका.

कृषी केंद्र चालवणारा, पांढरकवडा भाग

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर मास्क, हातमोजे यावर पुष्कळ बोललं गेलं. धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) शेजाऱ्यावर कोणी बोलत नाही. कपाशी डोक्याएवढी झाली की फवारा स्वतःच्याच तोंडावर येतो, आणि वारा असेल तर पलीकडच्या वावरात वेचणाऱ्या बायांवर. धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं: उद्या सकाळी फवारतो, औषध हे, वारा इकडून. फवारणारा एकटा नसावा. पन्नास पावलांवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला एक माणूस हवा.

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ, घाम, ओकारी, स्नायू फडफडणं, ही लक्षणं दिसली की कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मदत करणाऱ्यानं हातावर प्लास्टिकची पिशवी घालावी. दूध, तूप पाजू नका, ओकारी करवू नका. बाटली किंवा निदान लेबल सोबत न्या. डॉक्टरला औषधाच्या गटाप्रमाणे उपचार ठरवावा लागतो, आणि दोन-तीन औषधं मिसळून मारली असतील तर तिन्हींची लेबलं लागतात. शेजाऱ्यानं बाटली ओळखावी म्हणून रिकाम्या बाटल्या एकाच जागी, कोठ्याच्या खुंटीला पिशवीत ठेवा. धुऱ्यावर फेकल्या तर ऐन वेळी सापडत नाहीत.

पशुधन पर्यवेक्षक, पूर्णाकाठ

ढोरं बुडतात ती दाव्यामुळं. घरचे रात्री पाहुणपणाला गेलेले, गोठ्याला कुलूप, आत बैलजोडी. घराची किल्ली शेजाऱ्याला द्या किंवा नका देऊ, गोठ्याची मात्र द्याच. दावं खुंट्याला सुटीच्या गाठीनं बांधा, एका हिसक्यात सुटेल अशी. शेजाऱ्याला ती गाठ एकदा अंधारात सोडायला लावा, नाहीतर विळा कुठं आहे ते दाखवून ठेवा.

कानातल्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर जनावराच्या फोटोसह दोन फोनमध्ये ठेवा, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या. जनावर दगावलं तर पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या वेळी तो लागतो. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी सगळ्या गोठ्यांची एकत्र करा. एकानं केली, शेजाऱ्यानं नाही, तर अर्धंच काम झालं.

बचत गटातली बाई, दारव्हा तालुका

वर सगळ्यांनी घ्या-घ्या म्हटलं. मी थोडं थांबवते. धान्य एकत्र करू नका. कोणी किती दिलं, कोणी किती खाल्लं, यावर पुराच्या दुसऱ्याच दिवशी भांडण होतं आणि ते धुऱ्याच्या वादाला जाऊन मिळतं. ज्याची त्याची गाठोडी, चूल तेवढी एक. दागिने, कागदपत्रं, रोकड यांची जागा शेजारी सांगू नका. एकटी राहणारी बाई असेल तर तिला आधी विचारा, रात्री दार कोणी वाजवलेलं चालेल. यादीत तिच्या नावापुढं परस्पर कोणा माणसाचं नाव लिहू नका.

दिवाळीनंतर जी घरं कामाला बाहेर जातात, त्यांची नावं उन्हाळ्यात आग विझवायला कोण येणार त्या यादीतून काढा. गंजी पेटली तेव्हा ज्याचा फवारणी पंप धरला होता ते घर बंद, असं होतं.

जलसुरक्षक, मोर्शी तालुका

विहीर पाच घरांची असेल तर पूर ओसरल्यावर पाचही घरांनी एकाच दिवशी उपसा थांबवायला हवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तासभर पाणी काढायचं नसतं. एका घरानं मोटर चालू ठेवली की क्लोरीन मुरतच नाही.

हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4, गुणिले 1000. आलं ते लिटर. 3 मीटर व्यास, 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे 70 ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते, म्हणून आधी उपसून घ्या. बादलीत पावडरीची पेस्ट करा, पाणी घाला, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं विहिरीत सोडा आणि बादली वरखाली करून ढवळा. पावडर थेट टाकली तर चुना तळाला जातो, वास येतो आणि काम होत नाही. तासाभरानं ओटी तपासणी (पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची) करा, पिवळा रंग आला पाहिजे. नाही आला तर पावडर बहुधा जुनी आहे. उघड्या पिशवीतली टीसीएल महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. ती ज्या शेजाऱ्याकडे ठेवाल त्याच्याकडे झाकणाचा प्लास्टिक डबा आणि अंधारी, कोरडी जागा हवी, आणि डबा रांधायच्या खोलीत नको.

कास्तकार, पवनी तालुका (पुन्हा)

विजेचं राहिलं होतं. वावरातला शेजारी आणि गावातला शेजारी वेगळे असतात, म्हणून दुसरी यादी करावी लागते. लखलख दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 आकडे मोजून झाले नाहीत तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप शिवारात एकाच्या तरी फोनवर हवं, आणि त्यानं शिट्टी वाजवली की धुऱ्याला धुरा लागून असलेल्या सगळ्यांनी ज्याचा पक्का कोठा जवळ आहे तिथं जायचं. मोहाखाली, निंबाखाली नाही, चारी बाजूंनी उघड्या टिनाच्या शेडमध्येही नाही. त्या कोठ्याला कुलूप असेल तर किल्ली कुठं टांगली आहे, हे पेरणीच्या आधी विचारून ठेवा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही. श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. दोन-दोन मिनिटांनी माणूस बदला, एकट्याचे हात लवकर थकतात.