मदत हवी आहे: आईसाठी डायॲन रीम शोसारखा मराठी कार्यक्रम
वॉशिंग्टनला आमच्याकडे असताना आई सकाळी दहाला डब्ल्यूएएमयू ८८.५ हे तिथलं रेडिओ केंद्र लावायची. त्यावर निवेदिका डायॲन रीम आपल्या शोमध्ये दोन तास राजकारण, पुस्तकं, श्रोत्यांचे फोन असं सगळं घ्यायच्या. स्वरयंत्राच्या आजारामुळे आवाज कापरा, बोलणं संथ, त्यामुळे आईला इंग्रजीही नीट कळायचं. समोरच्याला मधेच न तोडता त्या नेमका प्रश्न विचारायच्या, त्याचं आईला फार अप्रूप. २०१६च्या डिसेंबरात त्यांनी तो शो थांबवला.

आई आता पुण्यात आहे. नजर अधू झाल्याने वाचन सुटलंय, ते तिच्या मनाला फार लागतं. असा निवांत गप्पांचा मराठी कार्यक्रम आकाशवाणीवर किंवा पॉडकास्टवर आहे का? आरडाओरड्याच्या चर्चा नकोत. वेळ आणि मोबाइलवर कसा लावायचा तेही सांगाल का?