लिहिणं अडलंय. तुमचं कशानं सुटलं?

सातारा, मंगळवार पेठ
दिवाळी अंकाला कथा द्यायची आहे. आषाढात शब्द दिला, आता श्रावण सरत आला. पहिला परिच्छेद लिहिते, खोडते. कथा डोक्यात आहे, कागदावर उतरत नाही. वही उघडली की पोटात गोळा येतो. ज्यांचं असं अडलं होतं त्यांनी कृपया सांगा. उपदेश नको, घडलं तसं सांगा.

सांगली, गावभाग
माझी तीन वर्षं गेली. २०१९च्या महापुरावर लिहायचं होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी दरवेळी याच आकड्यांनी सुरुवात करायचे आणि तिथंच थांबायचे. अख्खं बुडालेलं शहर एका लेखात मावणार कसं? मग एका दुपारी आईच्या शिवणयंत्राचा खण ओढला. पूर ओसरल्यापासून तो घट्ट बसला होता. उलथन्यानं कड सोडवली, तर फटीत गाळ. वाळून भेगाळलेला, नखानं निघेल असा. त्या रात्री फक्त खणाबद्दल लिहिलं. पूर दुसऱ्या पानावर आला, आपणहून.

सातारा, मंगळवार पेठ
ताई, खणात काय निघालं?

सांगली, गावभाग
गंजलेल्या बॉबिनी आणि मापांची वही. पानं चिकटलेली. एकच सुटलं, माझ्या फ्रॉकचं. छाती २२.

सातारा, शाहूपुरी
मी शाळेतल्या मुलांसाठी एकांकिका लिहितो. टेबलाशी बसलो की सुचत नाही. म्हणून पहाटे ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाकडे चढताना संवाद मोठ्यानं म्हणतो, मोबाईलवर रेकॉर्ड करतो. धाप लागते, वाक्यं आखूड होतात आणि मुलांच्या तोंडी तीच बसतात. कथेला हे चालेल का, तुम्ही करून बघा.

सांगली, मार्केट यार्ड
माझं अजून सुटलेलं नाही, तरी लिहितो. वडील गेल्यापासून कविता नाही. मित्र म्हणाले, फिरून ये. कोकणात जाऊन आलो, काही फरक नाही. आता खिशात छोटी वही असते. हळदीचे सौदे चालू असताना जे दिसेल त्याची रोज एक ओळ. कविता म्हणून नाही. बाबा इथंच तोलाईला होते. काल लिहिलं, हमालाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्यात.
आज सकाळी त्याखाली आणखी एक ओळ आली. बाबांच्याही व्हायच्या.