एमएसमध्ये नुकतंच सांगितलेलं का आठवत नाही?

प्रश्न
एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) असलेल्या माणसाला जुन्या गोष्टी लख्ख आठवतात, पण तासाभरापूर्वी सांगितलेलं निसटतं. चारजण एकदम बोलू लागले की धागाच सुटतो. चालणं-फिरणं ठीक असताना असं का होतं? तपासायचं कसं?

प्रतिसाद १
चालण्यावरून विचारशक्तीचा अंदाज बांधू नका, दोन्ही स्वतंत्रपणे बिघडू शकतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झालं की मेंदूतले संदेश रखडतात. त्यामुळे बहुधा आधी फटका बसतो तो माहिती हाताळण्याच्या वेगाला. एक वाक्य मनात बसायच्या आत दुसरं येऊन आदळतं. पुष्कळदा ती गोष्ट 'विसरलेली' नसते, मुळात नीट नोंदलीच गेलेली नसते. म्हणून "आठव, आठव" म्हणून ताणण्यात अर्थ नाही, माणूस फक्त खचतो.

प्रतिसाद २
तपासणीसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे एसडीएमटी (सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट, माहिती हाताळण्याचा वेग मोजणारी छोटी चाचणी) मागा. वर ९ चिन्हं आणि त्यांचे अंक दिलेले असतात. खालची चिन्हं बघून ९० सेकंदांत जमतील तेवढे अंक तोंडी सांगायचे. हात थरथरत असला तरी चालतं, मात्र नजर अधू असेल तर गुण उगाच कमी येतात. निदान झाल्यावर लवकर एकदा करून आकडा जपून ठेवा, मग दरवर्षी त्याच्याशी ताडून बघा. ४ किंवा जास्त गुणांची घसरण दिसली तर कारण शोधायलाच हवं. ताप किंवा अपुरी झोप असेल त्या दिवशी चाचणी नको.

आणि सगळं एमएसच्या माथी मारू नका. नैराश्य, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन डोकं जड करू शकतं, स्नायूंच्या ताठरपणासाठीच्या बॅक्लोफेनने गुंगी येते. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

प्रतिसाद ३
घरच्यांसाठी: टीव्ही बंद करून समोर बसा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि ती त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावा. नुसतं ऐकण्यापेक्षा स्वतः मांडलेलं जास्त टिकतं. मग दहा मिनिटांनी, तासाने, संध्याकाळी पुन्हा विचारा. लागोपाठ दहादा घोकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मोबाइलचा गजर नुसता वाजून उपयोग नाही, "कशासाठी वाजला?" हेच आठवत नाही. गजराच्या नावातच "बँकेला फोन, पासबुक जवळ घे" असं पूर्ण लिहा, आणि काम ठरलं त्याच क्षणी लावा. हिशेबासारखी डोक्याची कामं थकवा येण्याआधी, बहुतेकांना सकाळी, थंड खोलीत जमतात. अंग तापलं की खराब तंतूंमधला संदेश आणखी अडखळतो.