अनुभव धागा: महायुद्धांवरची पुस्तकं घेताना, वाचताना, टिकवताना

धागाकर्ती, धरमपेठ
दोन्ही महायुद्धांत लढलेल्या हिंदी पलटणींवरची पुस्तकं वाचणारे नागपुरात कमी नाहीत, पण प्रत्येक जण त्याच चार ठिकाणी नव्याने ठेच खातो. म्हणून हा धागा. "अमुक पुस्तक फार भारी" एवढंच लिहू नका. काय तपासायचं, काय चुकतं आणि काहून चुकतं, ते लिहा. आत्मचरित्र नको.

पलटणवाला
सुरुवात आकड्यांपासून. "३/५ मराठा" हा अपूर्णांक नाही. पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन असं वाचायचं. १९२२ च्या फेररचनेत जुने नंबर गेले. १०३ वी पलटण १/५ झाली, १०५ वी २/५, ११० वी ३/५, ११६ वी ४/५ आणि ११७ वी ५/५. म्हणजे १९१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली ११० वी आणि १९४४ मध्ये इटलीत नाईक यशवंत घाडगे ज्या पलटणीतून लढले ती ३/५, ही एकच पलटण. हे पाठ नसलं तर दोन पुस्तकं शेजारी ठेवूनही धागा जुळत नाही. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ही जोडी उतरवून ठेवा.

दुसरी गोची मराठी अनुवादांची. "पलटण" हा शब्द कुठे बटालियनसाठी येतो, कुठे अख्ख्या रेजिमेंटसाठी. "तुकडी" तर दहा माणसांच्या सेक्शनपासून डिव्हिजनपर्यंत काहीही असते. ढोबळ माप असं: प्लाटून तीस-पस्तीस जण, कंपनी शंभराच्या वर, बटालियन आठशेच्या आसपास, तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. "एका तुकडीने टेकडी घेतली" असं वाक्य आलं की समासात प्रश्नचिन्ह टाका आणि त्या दिवशी अधिकारी कोण होता ते पाहा. मेजर असेल तर बहुधा कंपनी, लेफ्टनंट कर्नल असेल तर बटालियन.

सुभेदारी
वरच्यात भर. "जमादार" वाचून झाडूवाला डोळ्यांपुढे आणू नका. तो सुभेदाराच्या खालचा, प्लाटून चालवणारा अधिकारी. १९६५ पासून त्याच हुद्द्याला नायब सुभेदार म्हणतात. अनुवादकांनीही इथे माती खाल्लेली आहे.

आकडेमोड
इंग्रजीतल्या "कॅज्युअल्टी"चं भाषांतर "ठार" असं होतं, तिथून सगळा हिशेब बिघडतो. कॅज्युअल्टीत मेलेले, जखमी, बेपत्ता, कैद झालेले असे सगळे येतात. कुतची सुटका करायला गेलेल्या फौजेची हानी सुमारे २३,००० सांगतात. तो मृतांचा आकडा नाही. पडताळणीसाठी दोन खुंट्या ठोकून ठेवा: भारतीय सैन्याचे मृत पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,०००. एखाद्या लेखकाचा "शहीद" आकडा याच्या कितीतरी वर गेला, तर त्यात जखमी मिसळलेले आहेत असं समजा.

दिवस मोजतानाही तेच. कुत २९ एप्रिल १९१६ ला पडलं. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून धरला तर १४४ दिवस होतात, पण पुस्तकांत १४७ दिसतात. चूक दोघांचीही नाही. माघार घेणारं ब्रिटिश-हिंदी सैन्य ३ डिसेंबरला गावात शिरलं होतं, मोजणी कुठून धरली त्यावर आकडा ठरतो.

कंटूर
नकाशाशिवाय लढाई वाचणं म्हणजे ऑफसाइड माहीत नसताना फुटबॉल पाहणं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांत इंफाळ ८३ एच, कोहिमा ८३ के. आपलं नागपूर ५५ ओ/४, सरावासाठी तेच घ्या. १:५०,००० च्या शीटवर १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि कंटूरमधलं (समान उंचीच्या रेषांमधलं) उंचीचं अंतर २० मीटर. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या एक इंची नकाशाचं प्रमाण १:६३,३६०. दोन प्रमाणांची गल्लत झाली की अंतर पाव पटीने चुकतं. सहा आकडी ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटींवरून दिलेला जागेचा पत्ता) १०० मीटरच्या चौकोनापर्यंतच नेतो.

पण प्रत्येक ठिकाणी शीट कामाची नाही. कोहिमाला १९४४ च्या एप्रिल-मे मध्ये ब्रिटिश-हिंदी आणि जपानी या दोन्ही बाजू टेनिस कोर्टाच्या दोन टोकांना होत्या. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, म्हणजे ५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलीमीटरही नाही. तिथे पुस्तकात हाताने काढलेलं रेखाटन हवंच. नसेल तर ते पुस्तक कोहिमासाठी घेऊ नका, प्रस्तावना कितीही मोठ्या माणसाची असो.

आणि घड्याळ! जपानी सैन्य ब्रह्मदेशातही टोकियोची वेळ पाळत होतं. १९४२ ते १९४५ भारतात घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. तरी अडीच तासांचा फरक उरतो. जपानी बाजूचा "पहाटे पाचचा हल्ला" आपल्याकडे रात्री अडीचचा होतो.

बर्डीकर
कंटूर यांचा सराव पायीही होतो. सीताबर्डीच्या किल्ल्यावर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला प्रवेश असतो. नोव्हेंबर १८१७ च्या लढाईत लहान टेकडी इंग्रजांच्या हातची गेली आणि तिथूनच मोठ्या टेकडीवर तोफ वळली. वर उभं राहून दोन टेकड्यांमधलं अंतर नजरेने मोजा. मग इटलीतल्या लढायांत लेखक "शेजारची उंची" म्हणून एवढं काहून ओरडतो ते ध्यानात येतं.

डायरी नंबर एक
पदकाचं मानपत्र आणि वॉर डायरी (पलटणीची रोजची नोंदवही) वेगवेगळ्या कामाच्या. घाडगेंचं मानपत्र (१० जुलै १९४४ च्या लढाईचं) सांगतं की सेक्शनमधले बाकी सगळे पडले, ते एकटेच मशिनगनवर धावले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून हाणली. शेजारी कोणती कंपनी होती, तोफांचा मारा कधी थांबला, हे त्यात शोधू नका. त्यासाठी डायरी. ती सी २११८ या छापील फॉर्मवर रोज लिहायची असे: ठिकाण, तारीख-वेळ, घडामोड, जोडपत्रं. दोष असा की लढाईच्या दिवशीच नोंद तोकडी असते, कधी दोन दिवसांनी भरलेली. अधिकारी नावानिशी, शिपाई मात्र "आय.ओ.आर. ४०", म्हणजे इंडियन अदर रँक्स. खरा मजकूर बरेचदा जोडपत्रांत असतो आणि पुस्तकं लिहिणारे तिथवर जात नाहीत.

कामठी लाइन
महार पलटणींचं वाचणाऱ्यांसाठी: १११ वी महार १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात सुरू झाली, दुसरी बटालियन आपल्या कामठीत. पुस्तकाच्या सूचीत दोन्ही एकाच नोंदीखाली कोंबलेल्या असतात. साल पाहून वेगळ्या करा.

जिल्द
जुनी प्रत घेताना सुरुवातीची "नकाशांची यादी" काढा आणि दुकानातच नकाशे मोजा. घडीचे नकाशे आधी फाटतात, नाहीतर मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून गायब होतात. स्कॅन करून छापलेल्या आवृत्त्यांत नकाशा घडी न उलगडताच टिपलेला असतो, अर्धी लढाई घडीत.

बाइंडरला "कटिंग नको" असं बजावून सांगा. त्याने सवयीने तिन्ही कडा कापल्या की घडीचा नकाशाही कापला जातो. खळीत मोरचूद नको. कीड येत नाही खरी, पण कागद तपकिरी पडतो. फाटलेल्या घडीला सेलोटेप तर अजिबात नाही. पातळ टिश्यू आणि साधी खळ, बस.

नागपुरात खरा शत्रू कूलर. एप्रिल ते जून बाहेर ४५ अंश, आत कूलरची दमट हवा. पेपरबॅकच्या पाठीचा गोंद एकदा सुकून तडकतो, एकदा फुगतो. पुस्तकांची आलमारी कूलरच्या झोतात नको, भिंतीपासून चार बोटं पुढे हवी. युद्धाच्या पुस्तकात मधली फोटोंची पानं आर्ट पेपरची असतात. ती भिजून मिटलेली वाळली तर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फोटो सोलून निघतो. ओली असतानाच प्रत्येक पानात बटर पेपर घाला.

नवीन सभासद
आजोळचे कोणी मेसोपोटेमियात गेल्याचं ऐकून आहे. नाव पुस्तकात कुठे शोधायचं?

पलटणवाला
भाऊ, पुस्तकात नाही, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत. मात्र तिथे नोंद फक्त युद्धकाळात वारलेल्यांची. रेजिमेंटचं स्पेलिंग जुनं टाका: एम, ए, एच, आर, ए, डबल टी, ए. आडनाव तीन-चार प्रकारे टाकून पाहा. नोंद सापडली तर बापाचं नाव, गाव, जिल्हा बरेचदा सोबत असतात, त्यावरूनच आपला माणूस पटतो. बसराच्या स्मारकाचा फोटो मिळाला तर त्यावर शोधत बसू नका. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. शिपायांचा पलटणवार नुसता आकडा आहे.