मातीचा बांध जपणारे इंग्रज (म्हणे!)

गोदाकाठ: 'इंग्लंडात पाच हजार वर्षांपूर्वीचा मातीचा बांधसुद्धा जपतात, आपण लेण्यांत बदाम कोरतो' ही पोस्ट आज तिसऱ्या ग्रुपवर आली. डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय. डॉर्सेट कर्सस घ्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं पाच हजार वर्षांपूर्वीचं मातीचं लांबलचक स्मारक. लांबी सुमारे १० किमी, शंभरेक मीटर अंतरावर दोन समांतर बांध, बाहेरून चर. आज बहुतेक ठिकाणी सपाट शेत! पावसाने ओढ दिली की बुजलेल्या चरावरचं पीक तेवढं हिरवं राहतं आणि विमानातून रेघा दिसतात. प्राचीन स्मारकं जपायचा १९७९ चा ब्रिटिश कायदा आहे ना? आहे. पण आधीपासून नांगरणाऱ्याला १९९४ च्या आदेशाने तीच नांगरट चालू ठेवायची मुभा आहे. घ्या, जपा.

डॉर्सेटकर: अर्धवट सांगू नका. जास्त खोल नांगर घालायला मुभा नाही. थिकथॉर्न डाउन या टेकाडावर कर्ससच्या टोकाचा बांध अजून उभा आहे, या कधी बघायला. आणि जे डोळ्यांना दिसतच नाही त्यासाठी शेतकऱ्याने रान पडीक ठेवायचं?

माईआजी: शेतकऱ्याचा एवढा कळवळा, मग आमचं ऐका. आमचं घर संरक्षित देवळापासून हाकेच्या अंतरावर. २०१० पासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढे दोनशे मीटर परवानगीने. माडी गळतेय. हेलपाटे घालून ह्यांच्या चपला झिजल्या.

गोदाकाठ: माई, विषय कर्ससचा आहे.

माईआजी: मग बसा कुरवाळत!

खडूस_पुणेकर: तो नियम नसता तर देवळाला खेटून लॉज उभं राहिलं असतं.

माईआजी: लॉजवाल्यांची कामं होतात हो. अडतो तो आमच्यासारखा.

डॉर्सेटकर: इथे ब्रिटनमध्ये कायद्याचा धाक तरी आहे.

गोदाकाठ: धाक? २०१३ मध्ये वेल्समध्ये चर्क गावाजवळ ऑफाज डाइकचा, म्हणजे इंग्लंड-वेल्स सीमेवरच्या जुन्या मातीच्या बांधाचा, सुमारे ४५ मीटर भाग सपाट केला. (तो आठव्या शतकातला, माहितीये, कीस पाडू नका.) खटला कोणावरच नाही. 'स्मारक आहे हे ठाऊक नव्हतं' हा बचाव कायद्यातच होता!

डॉर्सेटकर: वेल्सने २०१६ च्या कायद्याने ती पळवाट आवळली, हे सोयीस्करपणे गाळलंत.

गोदाकाठ: बरं बाबा, आवळली. बांध गेल्यावर. सत्कार करू का?

खडूस_पुणेकर: माई, डागडुजीला बंदी नाही, सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.

माईआजी: तिथेच तर हेलपाटे चाललेत, शहाण्या.