बेंच व्हाइसच्या जबड्यांना लाकूड कोणते : आंबा, बाभूळ की साग?

मूळ मुद्दा (गंगापूर रोड, नाशिक)

बेंच व्हाइसच्या, म्हणजे सुतारकामाच्या मेजाला बसवलेल्या पकडीच्या, लोखंडी जबड्यांना आतून लाकडी फळ्या लावाव्यात, याबद्दल दुमत नसावे. लोखंड थेट भिडले की कामावर वळ उठतो आणि पटाशी घसरली तर तिची धार जाते. प्रश्न आहे तो फळी कशाची असावी हा. आपल्याकडे वखारीत विचारले की बहुधा सागच सुचवला जातो, आणि मला ते निव्वळ सवयीचे उत्तर वाटते. ही फळी झिजण्यासाठीच बसवलेली असते. तिला करवतीचे दात लागणार, गिरमिटाची भोके पडणार आणि पुढेमागे ती बदलावीच लागणार. शिवाय सागात सिलिका (वाळूसारखे कठीण खनिज) असल्यामुळे त्यावर हत्याराची धार लवकर बोथट होते. सरळ रेषांची, बिनगाठीची, २० ते २५ मिलिमीटर जाडीची आंब्याची फळी या कामाला पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (निफाड)

असहमत. व्हाइसमध्ये लहान काम बहुधा एकाच जागी धरले जाते, त्यामुळे मऊ फळी नेमकी तिथेच दबते, आणि एकदा खोलगा पडला की रुंद फळी त्यात सपाट बसत नाही. बैलगाडीच्या चाकांना आणि अवजारांच्या दांड्यांना आपल्या लोकांनी बाभूळ वापरली, ती दाब आणि धक्के सोसते म्हणूनच. मात्र ती वाळताना तडकते, तेव्हा ओली फळी घेऊ नये. काम दबण्याची भीती वाटत असेल तर तिच्यावर चामडे चिकटवावे.

मूळ लेखक

चामडे चिकटवावे लागते, याचाच अर्थ कामाला भिडणारा पृष्ठभाग मऊ हवा. मग आधी बाभळीशी झुंजायचे आणि नंतर तिला झाकायचे, हा खटाटोप कशासाठी?

प्रतिसाद (निफाड)

चामडे फाटले तर तेवढेच बदलता येते. आतली फळी सपाट राहते आणि दाब सगळीकडे सारखा पोचतो. फळी आणि अस्तर ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपण ती एकाच लाकडावर लादत आहात.

प्रतिसाद (इगतपुरी)

दोघांनीही साग फार लवकर बाजूला सारला. वाळलेल्या सागाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर आंब्याची सुमारे ६७५ किलो भरते आणि दोघांचा कठीणपणाही जवळपास सारखाच असतो. त्यामुळे आंबा मऊ म्हणून निवडावा, या म्हणण्याला आधार राहत नाही. खरा फरक आहे तो ओल आणि किडीच्या बाबतीत. नाशिक शहरात बसून हे जाणवणार नाही, पण आमच्याकडे कितीतरी पट पाऊस पडतो, आणि जी फळी पावसाळ्यात वाकते ती जबड्याला नुसत्या कडांवर टेकते. साग फारसा हलत नाही. त्याच्या तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही, हे मान्य. म्हणून चामडे लावण्याआधी पृष्ठभाग ताजा रंधून ॲसिटोनने पुसावा.

मूळ लेखक

कठीणपणाचे आपले म्हणणे पटते, पण मग निर्णय किमतीवर येतो, आणि तिथे आंबा पुढे आहे. कीड लागू नये म्हणून नीट वाळवलेला घ्यावा, इतकेच.

प्रतिसाद (इगतपुरी)

दोन फळ्यांना लाकूड लागते ते किती! जुन्या चौकटीचा तुकडासुद्धा पुरतो. फक्त त्यात मोडलेले खिळे राहिले नाहीत, हे कापण्याआधी लोहचुंबक फिरवून पाहावे.

प्रतिसाद (सातपूर)

लाकूड कोणतेही घ्या, पण स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या बरीच आत बुडवा, नाहीतर फळी झिजताच ती वर येऊन कामाला ओरखडे काढतील. दाब वाढला की पुढचा जबडा वरून किंचित उघडतो, म्हणून फळी रंधताना वरची कड अर्धा-एक मिलिमीटर पुढे ठेवावी, म्हणजे पूर्ण आवळल्यावर दोन्ही फळ्या सपाट भिडतात. असा उतार देण्यासाठी रंध्याखाली सरळ चालणारी फळी हवी, आणि त्या बाबतीत आडव्यातिडव्या रेषांची बाभूळ सर्वांत जास्त त्रास देते.